गोळी ढाणकीत, उतारा नांदेडात!

रक्तदाबाची गोळी आता ढाणकीसारख्या गावातही घराघरात पोहोचली आहे. अ‍ॅम्लोडिपिन, अ‍ॅटेनोलॉल या गोळ्या शासन आरोग्य केंद्रांतून मोफत देते आणि त्यामुळे कित्येकांचा लकवा टळतो, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु हृदयाला सांभाळणारी गोळी मात्रेबाहेर गेली की तीच हृदयावर उठते. आजोबांची डबी नातवाच्या हाती लागते. अक्षरओळख नसलेली म्हातारी सकाळची गोळी पुन्हा पुन्हा घेते. कुणी वैतागाच्या भरात नको ते करून बसतो. अशा वेळी ढाणकीच्या माणसाने जायचे कोठे, हा आमचा सवाल आहे.

ही विषबाधा फसवी असते. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळतात. रुग्ण चालत-बोलत दवाखान्यात येतो आणि काही तासांनी कोसळतो. म्हणून 'बरा दिसतो, घरी न्या' असे सांगणे जिवावर बेतू शकते. अ‍ॅम्लोडिपिन पेशींत जाणाऱ्या कॅल्शियमची वाट अडवते. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब ढासळतो, आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणे मंदावल्याने मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते. त्यावरचा इलाज अतिदक्षता विभागात होतो. शिरेतून कॅल्शियम, रक्तदाब धरून ठेवणारे नॉरअ‍ॅड्रेनलिन, आणि ग्लुकोजसोबत भरपूर इन्सुलिन. हे इन्सुलिन किलोमागे तासाला एक युनिट किंवा त्याहूनही अधिक लागते. मधुमेहाच्या मात्रेची सवय असलेली परिचारिका आकडा पाहून दचकेल, पण थकलेल्या हृदयाला त्यातूनच बळ मिळते. साखर वारंवार तपासावी लागते, पोटॅशियमवर नजर ठेवावी लागते. उशाशी जागे माणूस लागते.

अ‍ॅटेनोलॉल मूत्रपिंडावाटे जाते, म्हणून तेथे डायलिसिस उपयोगी पडते. अ‍ॅम्लोडिपिनला ते लागू पडत नाही. डिगॉक्सिनची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्यावर मेंढीच्या रक्तापासून बनवलेला नेमका उतारा आहे. श्रीलंकेतील डॉक्टरांनी तोच उतारा पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेत वापरून पाहिला आणि तो लागू पडल्याचे २००० साली जगापुढे मांडले. पण त्याची किंमत गरीब देशांच्या आवाक्याबाहेरची आणि आपल्या देशात तो सहज मिळत नाही.

तो महागडा उतारा बाजूला ठेवू. कॅल्शियम, ग्लुकोज, इन्सुलिन, अ‍ॅट्रोपिन यांत महाग काय आहे? ईसीजीचे यंत्र काय चंद्रावरून आणायचे आहे? जी व्यवस्था गोळी गावात पोहोचवते, तिला उतारा तालुक्यापर्यंत पोहोचवता येत नाही काय? ढाणकीहून यवतमाळ शंभर किलोमीटरहून अधिक. म्हणून आमची माणसे जिल्हा सोडून नांदेडला धावतात. त्याच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या तोंडावर २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आणि यवतमाळ? २०१७ च्या फवारणीत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो खाटांवर पडले. विषबाधेचा एवढा कडू अनुभव घेतलेल्या जिल्ह्यात उमरखेड-पुसदला सुसज्ज अतिदक्षता खाटा मागाव्या लागतात, याला काय म्हणावे?

ही मागणी दयेची नाही. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला कलकत्त्याच्या सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले, तेव्हा पश्चिम बंग खेत मजदूर समितीने कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालय गाठले. १९९६ साली न्यायालयाने बजावले की तातडीचे उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही. त्यापूर्वी १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सांगून झाले होते की पोलिसांचे कागद नंतर, जीव आधी. तरीही 'पोलीस केस आहे, आम्ही हात लावत नाही' हे वाक्य आम्ही वकिलीत पुन्हा पुन्हा ऐकतो.

याच भीतीपोटी घरचे लोक गोळी लपवतात आणि डॉक्टर अंधारात चाचपडतात. भीतीचे कारण आता उरलेले नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चे कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरते व त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाचे कलम ३०९ ही गेले. नव्या न्याय संहितेत लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला आहे. दवाखाना पोलिसांना कळवेल, जबाबही होईल, पण कुणी संसाराला कंटाळला म्हणून त्याला तुरुंग दाखवता येत नाही.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. रुग्णासोबत गोळ्यांची रिकामी पाने, डबी, आरोग्य केंद्राचे कार्ड, जे हाती लागेल ते न्यावे. गोळी किती वाजता पोटात गेली ते सांगावे. घरी मिठाचे पाणी पाजून उलट्या काढण्यात वेळ दवडू नये, १०८ ला फोन लावावा. आणि दवाखान्याने हात वर केले तर नकार लेखी मागावा, वेळ टाकून आणि सहीनिशी.