अळीला सवय लागत नसते

“अळीला औषधाची सवय झाली,” हे वाक्य कृषी केंद्राच्या काउंटरवर इतक्यांदा ऐकू येते की ते तपासून पाहायचे कुणाला सुचत नाही. त्यातूनच पुढचा सल्ला निघतो: मात्रा वाढवा, नाहीतर दोन औषधे एकाच पंपात मिसळा. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच हंगामात विदर्भाची पऱ्हाटी गुलाबी बोंडअळीने पोखरली. म्हणून या वाक्याची झडती घ्यायला हवी.

विष सोसण्याचा गुण अळी फवारणी खाऊन कमावत नाही. लाखांत एखादीत तो जन्मतः असतो, पंप शेतात येण्याच्या आधीपासून. फवारणी त्याची फक्त निवड करते: बाकीच्या मेल्या की पुढची पिढी वाचलेल्यांची. दुप्पट मात्रेने उरल्यासुरल्या साध्या किडीही जातात आणि विष सोसणाऱ्या पक्क्यांना रान मोकळे होते. अमेरिकेत कीटकशास्त्रज्ञ मेलँडर यांनी 1914 मध्येच सॅन होजे खवले किडीवर हा प्रश्न मांडला होता. तेव्हा डीडीटीही बाजारात आले नव्हते.

यावर जाणकार म्हणतील, अळी मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीचे तत्त्वच भरपूर विषाचे होते ना? होते, पण ते अर्धे. गुलाबी अळीतला हा गुण बहुधा आई-बाप दोघांकडून आला तरच कामी येतो. पक्क्या पतंगाचा जोडीदार साधा असेल, तर त्यांची पिल्ले बीटी बोंडात मरतात. तो साधा जोडीदार जगावा म्हणून बाजूला नॉन बीटीच्या ओळी लावायच्या होत्या. बियाण्याच्या पिशवीसोबत 120 ग्रॅमचे पाकीट त्यासाठीच होते. ते बहुतेक ठिकाणी पेरलेच गेले नाही. दोन-चार एकरांच्या धन्याने अळीसाठी कपाशी का पेरावी, हे त्याला कुणी नीट सांगितले?

सगळा दोष त्याच्या माथी मारणेही खोटे आहे. आपण बीटी आणली ती संकरित वाणांतून. अशा झाडाच्या एकाच बोंडात काही सरकी विषारी, काही बिनविषारी निघते. गुलाबी अळी सरकीच खाते. तिच्या पोटात मिश्र मात्रा जाते आणि एकाच पालकाकडून गुण आलेल्या अळ्याही तगतात. त्यात पाणी असले की फरदड ठेवायची, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक पुढे चालू ठेवायचे; अळीला उन्हाळ्यापर्यंत घर. हिरव्या बोंडअळीला तूर-हरभरा असतो, साध्या पतंगांचा साठा तिथे आपोआप राहतो. गुलाबीला कपाशीवाचून फारसे काही चालत नाही. 2002 मध्ये बीटी आली, 2006 मध्ये दोन जनुकांची आली. पहिल्या जनुकाला गुलाबी अळी पुरून उरल्याचे 2010 पर्यंत गुजरातेत उघड झाले. पुढे दुसरेही निकामी झाले.

“एकदा प्रतिकार आला की संपले,” हा दुसरा पक्ष तर आणखी घातक, कारण तो हात बांधून बसवतो. प्रतिकार ओसरू शकतो. विष नसेल तिथे हा गुण अळीला बहुधा महाग पडतो. साध्या कपाशीवर पक्क्या अळ्या मागे पडतात. चीनमध्ये यांगत्से खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी बीटी संकराच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरले. त्यात चौथा हिस्सा झाडे आपोआप बिनबीटी निघाली आणि वाढू लागलेला प्रतिकार मागे फिरला. अॅरिझोनात नॉन बीटीचा पट्टा वर्षानुवर्षे पाळला गेला, पुढे नपुंसक केलेले पतंग सोडले गेले, आणि 2018 मध्ये अमेरिकेने आपल्या कपाशीतून गुलाबी अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. मात्र ओसरणे म्हणजे निर्मूळ होणे नव्हे. गुणवाहक थोडे उरतातच. तेच विष परत एकट्याने लावले तर ते पहिल्यापेक्षा लवकर डोके वर काढतात.

मग करायचे ते असे. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड ठेवू नका, एकाच गटातले औषध पाठोपाठ फवारू नका. आणि बियाणे कंपन्यांनी व सरकारने नॉन बीटी बी असे द्यावे की ते बीटीबरोबरच फुलेल आणि कापूसही देईल. निकस बी देऊन शेतकऱ्याने नियम मोडला म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.