आधी डाग दाखवा

चाकण एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांत शेवटच्या तपासणीच्या टेबलाशेजारी एक फळी असते. तिच्यावर तीन नग लावलेले असतात. एक ओके, एक एनजी म्हणजे नापास आणि एक मधला. त्या मधल्याला सगळे ‘लिमिट सॅम्पल’ म्हणतात. इतका ओरखडा चालेल, याच्या पुढे गेला की लाल टॅग. खाली क्वालिटीवाल्याची सही आणि तारीख. नवा पोरगा कामाला लागला की त्याला आधी या फळीपुढे उभं करतात, कारण ‘किंचित ओरखडा’ असं तोंडी सांगून भागत नाही. एकाचं किंचित म्हणजे दुसऱ्याचं रिजेक्शन. नग समोर असला की वाद उरत नाही.

आता याच औद्योगिक पट्ट्यातल्या जुन्या कपड्यांच्या जाहिराती बघा. ओएलएक्सवर बघा, फेसबुकच्या मार्केटप्लेसवर बघा, नाहीतर सोसायटीच्या खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ‘गुड कंडिशन’, ‘वन टाइम यूज’, ‘लाइक न्यू’. आणि फोटो कुठला, तर कपडा बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून उचललेला. मॉडेलच्या अंगावर शर्ट, मागे समुद्र. विकणारा राहतो निघोज्यात. दिवसभर दुसऱ्याच्या मालातला केसाएवढा ओरखडा हुडकून काढणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या मालाचा साधा फोटोही काढत नाही, ही मला या पट्ट्यातली मोठी गंमत वाटते. काढलाच, तर असा काढतो की वाटावं, कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावलेलं स्टिकर अजून निघालेलंच नाही.

गेल्या हिवाळ्यात असंच एक जॅकेट घ्यायला मी आकुर्डीहून मोशीला गेलो. जाहिरातीत गडद निळं, चारशे रुपये ठरलेले. स्पाइन रोडला एका चहाच्या टपरीशी भेटलो. टपरीच्या दिव्यात ते निळंच वाटलं, तरी दोन पावलं बाहेर उन्हात आणलं, तर जांभळं. चेन अर्ध्यावर येऊन अडकत होती. मुलगा भला होता, एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीलाच होता. म्हणाला, “दादा, ती चालते, जरा वरून धरून ओढायची.” मी विचारलं, “मग फोटोत का नाही दाखवलीस?” तर म्हणाला, “फोटोत दाखवली असती तर तुम्ही आला असतात का?”

आलो असतो. पैसे कमी घेऊन आलो असतो, इतकंच.

सगळा घोळ त्याच्या या प्रश्नात आहे. डाग झाकला की गिऱ्हाईक येतं, हे खरं. पण ते येऊन बघतं आणि परत जातं. कपडा पुन्हा कपाटात, जाहिरात पुन्हा वर. पुणे-नाशिक रस्त्यावर ज्याने कधी तळेगाव चौक गाठायचा प्रयत्न केलाय, त्याला एका फुकटच्या फेरीची किंमत सांगायला नको. चारशेच्या जॅकेटसाठी दोन माणसांची संध्याकाळ जाते. डाग दाखवून विकलेल्या कपड्याचे पन्नास रुपये कमी येत असतील, पण जो येतो तो घ्यायलाच येतो. दारात उभं राहून घासाघीस करायला त्याच्या हातात काही उरलेलं नसतं.

जुन्या कपड्यांचा व्यवहार आपल्याकडे ॲपने आणला नाही. पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवार-रविवार भरतोच, आणि त्याच्याही आधी आठवते ती दुपारी दारात येणारी, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची पातेली आणि डबे. तिचं कपडा बघणं ज्यांनी पाहिलंय त्यांनी आठवून बघावं. इस्त्रीच्या घडीकडे ती ढुंकून बघायची नाही. कपडा झटकायची आणि आधी उलटा करायची. उजेडाकडे धरून कुठे विरलाय ते पाहायची. मग कॉलरची आतली बाजू, काखेतली शिवण, पँटचं बूड, साडीचा फॉलकडचा काठ. शिवण दोन बोटांत धरून हलकेच ताणायची, जरीवरून अंगठा फिरवायची. आणि मग तोंड वाकडं करून म्हणायची, “ताई, यात वाटीसुद्धा बसत नाही.” घरातली बाई निमूट आणखी एक पँट ढिगावर टाकायची. (सौद्यात कोण कुणाला गंडवत होतं, हे आमच्या घरी शेवटपर्यंत ठरलं नाही.)

ऑनलाइन व्यवहारात हा हात नाही. म्हणून फोटोने बोहारणीचा हात व्हायचं. जिथे तिचं बोट जायचं, तिथे कॅमेरा गेला पाहिजे. कॉलर आतून, काख, बाहीची मुडप, पँटचा तळ, चेन उघडी आणि चेन बंद. साडी असेल तर पदराची उलटी बाजू, कारण सुटलेले धागे तिथे दिसतात. पहिला फोटो अख्ख्या कपड्याचा असू द्या, हँगरला अडकवून, मागे कोरी भिंत. दुसरा मात्र डागाचाच हवा. सातवा नव्हे, दुसरा. त्या डागाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे ‘छोटासा डाग’ म्हणजे केवढा ते आपोआप कळतं. घरच्या घरी तयार झालेलं लिमिट सॅम्पल.

आता कॅमेऱ्याच्या खोडी. तो बोहारणीइतका चोख नसतो. समोरचं सगळं सरासरीने मधल्या करड्या रंगाशी आणायचा त्याचा स्वभाव. त्यामुळे काळी पँट विटकी दिसते आणि पांढरा कुर्ता मळका. चौकटभर एकच रंग भरला की त्याचा आणखी गोंधळ होतो, आणि तो भरलेला रंगच फिका करायला जातो. जांभळ्याचा कधी निळाही होतो, ट्यूबलाइटच्या उजेडात तर बरेचदा. भडक लाल साडी घेतली की लालाचा नुसता गोळा दिसतो, चुण्या आणि वीण गायब. यावर उपाय साधा आहे. कपड्याच्या कडेला कोरा पांढरा कागद ठेवायचा. कागद फोटोत पांढरा दिसला तर रंग बऱ्यापैकी खरा आहे असं समजायचं, आणि घेणाऱ्यालाही ते दिसू द्यायचं. ट्यूब बंद करून दिवसा खिडकीशी फोटो काढायचा. ऊन थेट कपड्यावर नको, उजेड हवा. सेकंड शिफ्टवाल्याला सकाळ मोकळी असते, त्याने तेव्हा काढावा; फर्स्टवाल्याला सुटून आल्यावर तासभर तरी उजेड मिळतो. रात्री अकराला पत्र्याच्या खोलीत पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोवर कुणी रंग विचारू नये आणि कुणी सांगू नये.

उजेडाची दिशा हा प्रकारही इथल्या लोकांना शिकवायला नको. मोटारीच्या कारखान्यात रंगवलेली गाडी ट्यूबलाइटच्या बोगद्यातून नेतात ती काय शोभेसाठी? पत्र्यावरच्या ट्यूबच्या रेघा जिथे वाकड्या होतात तिथे पोचा असतो. कपड्यालाही उजेड बाजूने घेतला की धाग्यांचे गोळे उठून दिसतात, विरलेला गुडघा दिसतो. समोरून फ्लॅश मारला की हे सगळं सपाट होऊन जातं. म्हणूनच तर फ्लॅश मारतात, असं मला आता वाटायला लागलंय.

फोन कपड्याच्या फार जवळ नेऊ नका. जवळून काढलं की जवळचा भाग फुगतो, खांदे रुंद आणि खालचा घेर चिंचोळा दिसतो. दोन पावलं मागे सरून दुप्पट झूम केलेलं बरं. आणि मापाची पट्टी फोटोत हवी. एका कंपनीचा ‘एल’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एम’ला लाजवतो, त्यामुळे लेबलाच्या फोटोने काम अर्धंच होतं. शर्ट सपाट टाकून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावला आणि बावीस इंच भरले, की छाती चव्वेचाळीस. त्यात काही लपत नाही. व्हर्निअर लावायची गरज नाही, शिंप्याचा टेप पुरे.

वाकड, पिंपळे सौदागर, रावेतकडच्या सोसायट्यांत विकायला निघतो तो लेहंगा, आणि तो खरोखरच एकदा घातलेला असतो. पण फोटो असतो लग्नाच्या अल्बममधला. नवरीच्या तोंडावर बदामाची इमोजी चिकटवलेली, मागे रोषणाई, कपड्यावर फोटोग्राफरने चढवलेला सोनेरी रंग. लेहंगा त्यात कुठेच दिसत नाही, लग्न दिसतं. त्या ‘एकदाच’मध्ये लॉन्सच्या ओल्या गवतावरून चार तास घेर ओढत फिरणं आलं, हे घेणारीला ठाऊक असतं. तिला हवा असतो घेराच्या खालच्या कडेचा फोटो, आतल्या अस्तराचा फोटो, ब्लाउजमधलं सोडायला ठेवलेलं कापड किती ते. हे तीन फोटो टाकले तर ‘अजून आहे का ताई?’ या मेसेजच्या पुढे गोष्ट सरकते.

अंगावर घालून फोटो काढायचे का? बायकांना माझं सांगणं, नकोत. साडी कशी पडते हे अंगावर कळतं, हे मान्य. पण फोटो टाकला की कपड्याबद्दल चार मेसेज येतात आणि भलतेच चौदा. शिवाय तो फोटो उचलून दुसऱ्याच जाहिरातीत कोण लावेल, याचा भरवसा नाही. हँगर पुरतो. मागे काय दिसतंय तेही बघावं. फ्लॅटचा नंबर, कपाटाच्या आरशातला माणूस, भिंतीवर लटकलेलं आयकार्ड, सगळं फोटोत येतं. मुलांचे शाळेचे गणवेश विकताना शाळेचं नाव आणि कॉलरवर शिवलेलं मुलाचं नाव झाकलंच पाहिजे. डाग दाखवा म्हटलं ते कपड्याचा, घरचा पत्ता नव्हे. आणि कंपनीचा लोगो असलेला शर्ट तर विकायलाच काढू नये. इथे गेटवर तो शर्टच अर्धा पास असतो.

कायद्याचं थोडक्यात. ई-कॉमर्ससाठी २०२० साली केंद्राने ग्राहक संरक्षणाचे नियम केले. त्यांतून अधूनमधून स्वतःच्या घरातली वस्तू विकणारी व्यक्ती वगळलेली आहे, धंदा म्हणून नियमित विकणारा नाही. पण १९३०चा माल विक्री कायदा वर्णनावरून झालेल्या कुठल्याही विक्रीला लागतो, आणि तो म्हणतो की माल वर्णनाशी जुळला पाहिजे. फोटो हे वर्णनच. त्याच कायद्यात ‘घेणाऱ्याने बघून घ्यावं’ हेही तत्त्व आहे, पण बघायलाच दिलं नाही तर त्याने बघायचं काय? आता योगायोग असा, की १९३० हाच ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर. ‘मी सैन्यात आहे, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असं म्हणणारं गिऱ्हाईक भेटलं तर तो नंबर लागेल. पैसे मिळवायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. हे शंभरदा सांगून झालंय, तरी पुन्हा सांगतो.

सगळा दोष विकणाऱ्याचा नाही. घेणाऱ्यालाही जुन्याच्या पैशात नवं हवं असतं. डागाचा फोटो पाठवला की ‘नको’ म्हणून गप्प होणारे आणि मॉडेलच्या फोटोवर लगेच ‘इंटरेस्टेड’ लिहिणारे आपणच. पण जूनमध्ये कॉन्ट्रॅक्टवर लागलेली पोरं डिसेंबरच्या पहाटे दुचाकीवरून कुरुळी-महाळुंगेला जाताना कुडकुडतात. त्यांना तीनशेचं जॅकेट हवं असतं, समुद्र नको असतो. तेव्हा घेणाऱ्यांनी निघण्याआधी तीन फोटो मागून घ्यावेत. उलट्या बाजूचा, सर्वांत वाईट जागेचा आणि खिडकीशी पांढऱ्या कागदासोबतचा. जो पाठवायला टाळाटाळ करेल, त्याच्याकडे जाऊ नये. आणि ज्याने न मागता डाग दाखवला, त्याच्याशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालू नये.

ते जॅकेट शेवटी मी साडेतीनशेला घेतलं. पिंपरी कॅम्पात चेन बदलून घेतली, ऐंशी रुपये पडले. रंगाला इलाज नाही, ते जांभळंच आहे.