शेंगदाण्याच्या नावावर खोटं विकू नका



या पानावर भुईमुगाचा टिक्का, तांबेरा, जिप्समची मात्रा यावर बरंच लिहून झालं. आज बरणीतल्या भुईमुगावर लिहितो, म्हणजे पीनट बटरवर.

एक गंमत बघा. "शेंगदाणे बंद करा, वजन वाढतंय," असं ज्याला सांगितलं, तोच गडी सकाळी चपातीला पीनट बटर थापून खातो. का, तर मोबाईलवर कुणीतरी सांगितलं की त्यानं चरबी जळते! अरे, दाणा तोच. भाजून वाटला म्हणून त्यातलं तेल कुठं पळून गेलं का?

आता आपल्यातलेच काही गट पीनट बटर करायला लागलेत. चांगली गोष्ट आहे, मालाला दोन पैसे जास्त मिळतात. पण लेबलवर 'वजन घटवा' छापतात, तिथं माझा विरोध आहे.

हिशोब साधा आहे. 100 ग्रॅम दाण्यात प्रथिनं 25 ग्रॅमच्या आसपास, पण तेल जवळजवळ 50 ग्रॅम. म्हणूनच तर घाण्यावर नेतो आपण! पीनट बटरचे दोन मोठे चमचे म्हणजे साधारण 32 ग्रॅम. त्यात कॅलरी जवळपास 190. हा सपाट चमच्याचा हिशोब झाला. घरात चमचा शिगोशीग भरतो आणि वर बोट चाटतो ते वेगळंच.

अंगातली एक किलो चरबी उतरवायला सुमारे 7700 कॅलरीची तूट लागते. रोज 250 ची तूट पाडली तर महिन्याला एक किलो. त्यात नेहमीच्या जेवणावर हे दोन चमचे जादा गेले, तर राहिलं काय? साठ. विहिरीचं पाणी उपसा जास्त आणि आवक कमी असेल तरच खाली जातं. आवक शेंगदाण्याची आहे की साखरेची, हे विहीर विचारत नाही.

मग शेंगदाणा वाईट का? अजिबात नाही. 'दाणे बंद करा' म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहेच. प्रथिनं आणि तंतू असल्यामुळं मूठभर दाणे खाल्ले की पोटाला आधार राहतो, मग चहाबरोबर खारी, फरसाण आठवत नाही. बिस्किटाच्या पुड्याऐवजी दाणे खाल्ले तर फायदा आहे. बिस्किटं खाऊन वर दाणे खाल्ले तर नाही. सगळी गोम त्या 'ऐवजी' शब्दात आहे.

आणखी एक. अख्खा दाणा चावून खाताना वेळ लागतो, आणि त्यातलं थोडं तेल न पचताच बाहेर जातं. लोण्यासारखा बारीक वाटला की तेल जास्त अंगी लागतं आणि चमचा कधी संपला तेही कळत नाही. त्यामुळं वजन उतरवणाऱ्यानं भाजलेले दाणे मोजून मुठीनं खावेत. पीनट बटरच आवडत असेल तर चमचा एकच, आणि तो वजन करून. बरणीमागचं बारीक अक्षर वाचा. साखर, पामतेल किंवा घट्ट केलेलं वनस्पती तेल लिहिलं असेल तर ठेवून द्या. नुसत्या दाण्याच्या बटरवर तेल तरंगतं; तो दोष नाही, खूण आहे. 'लो फॅट' लिहिलेल्यात तेल कमी करून बहुतेक वेळा साखर किंवा पिठूळ पदार्थ वाढवलेले असतात, कॅलरी फारशा घटत नाहीत.

कृषीवाल्या मित्रांनाही सांगणं आहे. प्रक्रियेच्या प्रशिक्षणात पॅकिंग शिकवता, तसं लेबलवर काय लिहू नये तेही शिकवा. छापायचंच असेल तर हे छापा: शेंगा 8 टक्के ओलीपर्यंत वाळवलेल्या, बुरशीचा दाणा वेचून काढलेला, साखर नाही, बाहेरचं तेल नाही. हे खरं आहे आणि करायला कष्ट लागतात. बुरशीच्या दाण्यातलं अफ्लाटॉक्सिन भाजून पुरतं जात नाही, आणि वाटल्यावर खराब दाणा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गिऱ्हाईक विश्वासावरच घेतं.

आज चरबी जळते म्हणून बरणी घेणारा तीन महिन्यांनी काट्यावर उभा राहील. वजन वाढलेलं दिसलं की शिव्या जाहिरातवाल्याला नाही, शेंगदाण्याला देईल. आणि पीक आपलं आहे.