आधी इंजिनवाल्यानं हळू व्हावं

दोस्तांनो, सौजन्य हा शब्द ऐकला की आपलं डोकं फिरतं. फिरणारच. पिढ्यानपिढ्या सौजन्य म्हणजे आपण वाकायचं, बाजूला व्हायचं, सावलीसुद्धा आवरायची. पण नदीवर या शब्दाचा अर्थ उलटा आहे. तो आपण सोडू नये म्हणून लिहितोय.

इंजिनाची बोट जोरात गेली की मागे लाट सुटते. लाट दुप्पट उंच झाली की तिच्यातली ताकद चौपट. उथळ पाण्यात मोठी बोट काठचं पाणी आधी ओढून घेते, मग परत फेकते. बांधलेली होडी आपटते, दोर तुटतो, चुलीवरचं भांडं कलंडतं. कोळ्याचं जाळं पंख्यात गुंडाळून जातं ते वेगळंच. बोटवाला तोवर वळणापलीकडे! (मागे वळून न बघणारे आपण जमिनीवर पण बघितलेत.)

जाणता खलाशी होडी दिसली की लांबूनच वेग उतरवतो. जवळ येऊन एकदम तोडला तर मागची लाट पुढे धावून येते. इंग्लंडात थेम्सवर, जिथं भरती पोचत नाही तिथं, ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे. बांधलेल्या बोटीपाशी त्याहून हळू. १९७२ च्या समुद्री नियमांतही मासे धरणाऱ्याला इंजिनवाल्यानं वाट द्यावी असं लिहिलंय. अरुंद वाटेत मोठ्या जहाजाला वळताच येत नसेल तर छोट्यानं अडवू नये, हेही लिहिलंय. कबूल. वळता न येणारा वेगळा, वळायचंच नाही म्हणणारा वेगळा.

आता आपल्याकडं या. अलाहाबाद ते हल्दिया, १६२० किलोमीटर गंगा १९८६ साली राष्ट्रीय जलमार्ग झाली. २०१६ च्या कायद्यानं देशात असे जलमार्ग १११ केले. २०२३ च्या जानेवारीत वाराणसीहून दिब्रुगढला ऐषारामी क्रूझ सुटली, ५१ दिवसांची सफर. याच गंगेवर बिहारात सुलतानगंज ते पीरपैंती ८० किलोमीटर पाण्याची जमीनदारी होती. जमिनीची गेली, पाण्याची राहिली! मल्लाहानं जाळं टाकायचं तर आधी मालकाला पैसे मोजायचे. १९८२ साली कहलगावातून गंगा मुक्ती आंदोलन उठलं तेव्हा कुठं ती हलली.

आमचेच काही शहाणे म्हणतात, होड्यांचं काय घेऊन बसलास, वस्तीचं बोल. अरे, काठावर वस्तीच आहे ना! आणि आम्ही बोटींच्या विरोधात नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा, १९४५ साली, केंद्रीय आयोग निघाला. त्याच्या नावातच जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन होतं. नदीनं माल वाहावा हे त्यांनाही हवं होतं. पण नदी सगळ्यांच्या कामी यावी म्हणून. वरच्या डेकवरून काठावरची गरिबी बघायला नव्हे.

२०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या होडीचीही नोंद आली. घ्या नोंद. पण लाटेनं फुटलेल्या होडीची, फाटलेल्या जाळ्याची नोंद कोणत्या वहीत? भरपाई बोटवाला देणार की सरकार? पुढची जेटी बांधण्याआधी हे तिथल्या नावाड्यांसमोर बसून, त्यांच्या भाषेत लिहून द्या.