बाटलीतला समुद्र

अत्तर म्हटले की आपल्याला गुलाब, मोगरा, खस, फार तर चंदन आठवते. गेल्या महिन्यात आमच्या हाती जे आले त्यात फूल औषधालाही नव्हते. आमची एक भाची नोकरीनिमित्त फ्रान्सला असते. तिने पाठविलेल्या पुडक्यात करंगळीएवढी काचेची कुपी निघाली, जेमतेम दोन मिलिलिटरची. नाव ‘सेल मारँ’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ समुद्राचे मीठ. जेम्स हीली नावाचे मूळचे इंग्लंडचे गृहस्थ पॅरिसमध्ये राहून सुगंध बनवितात. त्यांनी हा २००८ साली काढला.

अशा सुगंधांना तिकडे ‘निश’ म्हणतात. मोठ्या कंपन्या दहाजणांना आवडेल असे काहीतरी काढतात. ही छोटी घराणी एखाद्यालाच आवडेल, पण त्याला वेड लावील, असे काढतात. किमतीचे विचारू नका. पूर्ण बाटलीच्या पैशांत आपल्या घरचा महिन्याचा किराणा सहज भरेल. म्हणूनच भाचीने बाटली न पाठविता नमुना पाठविला, हे तिचे शहाणपण.

पुडके आले तो पौर्णिमेचा दिवस. घरातील आजींनी अष्टशील घेतलेले, त्या दिवशी गंध लावणे वर्ज्य. त्यांनी कुपी उजेडात धरून पाहिली आणि “उद्या बघू” म्हणून फळीवर ठेवली. आम्हाला तेवढा धीर कुठला? आम्ही मनगटावर दोन थेंब घेतलेच.

पहिल्या क्षणी लिंबू. सालीला नख लावल्यावर उडते तसे तीव्र. दोन-चार मिनिटांत ते विरले आणि खाली जे उरले ते आम्ही यापूर्वी कुठल्याही बाटलीत हुंगले नव्हते. ओला, खारट, थोडा कडवट वास. ओहोटीला खडक उघडे पडतात, त्यांवर हिरवे-काळे शेवाळ उन्हात तापत असते, तेव्हा जो येतो तो. गोडवा नाही. तासाभराने त्यात सुके लाकूड मिसळले, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जुन्या होडीजवळ उभे राहिल्यासारखे. रात्री मनगटाला नाक लावले तर फक्त कातडीवर सुकलेल्या घामासारखा खारेपणा होता. आम्हाला आवडला म्हणावे की नाही, हे पहिल्या दिवशी ठरविता आले नाही. पण पुन:पुन्हा हुंगावासा वाटला, एवढे खरे.

दुसऱ्या दिवशी आजींनी हुंगले. त्या रत्नागिरीकडच्या, लग्नानंतर बोटीने मुंबईला आलेल्या. क्षणभर डोळे मिटून म्हणाल्या, “हा तर भाऊच्या धक्क्याचा वास!” आणि बराच वेळ हात नाकाजवळच होता. कॉलेजात जाणाऱ्या नातीने मात्र कपाळाला आठ्या घातल्या. “हे लावून मी लोकलमध्ये बसणार नाही. शेजारच्या उठून जातील.”

तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्याकडे येऊच. आधी हा वास आहे तरी कशाचा, ते पाहू.

मिठाला वास नसतो. डब्यातले मीठ हुंगून बघा. ते हवेत उडत नाही, मग नाकापर्यंत येणार कसे? समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो बराचसा एका गंधकयुक्त वायूचा असतो. त्याचे नाव डायमिथाइल सल्फाइड. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती मरतात किंवा खाल्ल्या जातात, तेव्हा त्यांच्यातून बाहेर पडलेले द्रव्य जिवाणू फोडतात आणि हा वायू सुटतो. कोबी शिजताना घरभर पसरतो तो वासही काही अंशी याचाच! १९९५ साली गॅब्रिएल नेविट या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिले की, काही समुद्रपक्षी या वासाच्या मागावर जाऊन भर समुद्रात आपले अन्न शोधतात. २००७ साली इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या अँड्र्यू जॉन्स्टन यांच्या गटाने खाजणातल्या चिखलातील जिवाणूंमध्ये हा वायू तयार करणारे जनुक शोधले. त्यात शेवाळांचे स्वत:चे वास मिसळले की झाला आपला समुद्र. म्हणजे सुगंधकार ‘मीठ’ म्हणून जे विकतो ती नाकाची समजूत असते. लिंबू, शेवाळ आणि लाकूड अशा बेताने मांडायचे की जिभेला खारट आठवावे.

समुद्राच्या नावाने निळ्या बाटल्या पुष्कळ निघाल्या. त्यांच्यामागे ‘कॅलोन’ नावाचे रसायन. ते १९६६ साली फायझर या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना सापडले. १९८८ च्या ‘न्यू वेस्ट’मध्ये ते ठळकपणे आले आणि १९९० च्या दशकात त्याची लाटच उसळली. त्याचा वास कलिंगडासारखा, आमच्या विदर्भातील वाचकांसाठी टरबुजासारखा. धुतलेला, इस्त्री केलेला समुद्र. ‘सेल मारँ’ वेगळा वाटतो तो इथे. त्यात शेवाळ आहे, ओहोटी आहे.

जाता जाता एक सावधगिरी. समुद्री सुगंधात पूर्वी अंबर वापरीत, ज्याला आपली वृत्तपत्रे ‘व्हेलची उलटी’ म्हणतात. ते स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते. आता त्याऐवजी बहुतेक ठिकाणी कारखान्यात बनविलेली द्रव्ये वापरतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली भारतात अंबर बाळगणे आणि विकणे गुन्हा आहे. कोणी लाखोंचे आमिष दाखविले तर आपल्या मुलांना त्यापासून लांब ठेवा.

आता नातीची गोष्ट. माशाचा जो वास लोकांना खुपतो तो ताज्या माशाचा नसतोच. समुद्री मासा मेल्यावर जिवाणू त्याच्या अंगातील एका द्रव्याचे ट्रायमिथाइल अमाइन करतात, तो वास त्याचा. हे द्रव्य सुगंधकार बाटलीबाहेर ठेवतो. पण शेवाळ, खारेपणा, ओला चिखल आत घेतो. हाच खारेपणा कोळीणबाईच्या लुगड्याला असला की लोक नाकाला रुमाल लावतात. तिच्या मुलीला ‘मासळीचा वास येतो’ म्हणून बाकावर सरकून बसतात. मुंबईत घर भाड्याने मागायला जा, पहिला प्रश्न येतो, “घरात काय शिजते?” पॅरिसचे लेबल लागले की तोच वास कलेचा नमुना ठरतो.

वासावरून माणूस दूर ठेवण्याचा अनुभव आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. म्हणून एक गोष्ट सांगतो. फ्रान्समधील ग्रास हे गाव जगातील सुगंधांची राजधानी मानले जाते. ते गाव मुळात चामडे कमावणाऱ्यांचे! कमावलेल्या कातड्याचा दर्प झाकण्यासाठी तिथे हातमोज्यांना सुगंध चढवू लागले, त्यातून फुलांची शेती वाढली. १६१४ साली तेराव्या लुईने हातमोजे आणि सुगंध बनविणाऱ्यांना राजमान्यता देणारी सनद दिली. कातडे तेच, दर्पही तोच. आपल्याकडे ते काम करणाऱ्याला गावकुसाबाहेर घर मिळाले आणि गावाने त्याच्या हातची चप्पल मात्र बिनदिक्कत पायात घातली.

कोळीवाड्यातील आमच्या ओळखीच्या एक बाई दिवसभर मासळी विकून घरी आल्या की हाताला लिंबाची फोड चोळतात. त्यामागे पक्के रसायन आहे. लिंबातले आम्ल त्या अमाइनशी संयोग पावून त्याचे क्षार करते आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास जातो. आम्ही त्यांच्यापुढे मनगट धरले. त्यांनी दोनदा हुंगले आणि विचारले, “ह्याचे पैसे देतात?”