सेवामुक्तीच्या कागदावरील एक ओळ

आपल्या कर्जत-खालापूर भागात सैन्यातून निवृत्त झालेली मंडळी आहेत. कुणी गावी भातशेती पाहतो, कुणी खोपोलीकडे कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत असतो. रक्तदाब, गुडघेदुखी, कमी ऐकू येणे अशा तक्रारी घेऊन ते दवाखान्यात येतात. दुखणे कधीपासूनचे, असे विचारले की पुष्कळदा उत्तर येते, "सर्व्हिसमध्ये असल्यापासून." मग अपंगत्व पेन्शन मिळते का, असे विचारावे तर म्हणतात, "कागदावर नाही म्हणून लिहिलंय, डॉक्टर. आता काय होणार?"

पुष्कळ काही होऊ शकते, हेच आज सांगायचे आहे.

जवान सैन्यातून बाहेर पडताना मेडिकल बोर्ड दोन गोष्टी ठरवते. एक, अपंगत्व किती टक्के. दुसरी, आजार सेवेमुळे झाला का किंवा सेवेमुळे वाढला का. या दोहोंपैकी एकाचे उत्तर 'होय' असले तरी पुरते. दोन्हींपुढे 'नाही' पडले की पेन्शनचा अर्ज नामंजूर होतो. एवढे त्या एका ओळीचे वजन आहे.

पण ती ओळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. धरमवीर सिंग हे १९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झाले आणि सुमारे नऊ वर्षांनी फिट्सच्या आजारामुळे सेवेतून कमी झाले. आजाराचा सेवेशी संबंध नाही, असे बोर्डाने लिहिले होते; कारण मात्र दिले नव्हते. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे मानावे, पुढे प्रकृती बिघडली ती सेवेमुळे असे धरावे, आणि बोर्डाचे मत वेगळे असेल तर त्याने कारणे लिहावीत, असा त्याचा मथितार्थ आहे.

डॉक्टर म्हणून मला हे अगदी योग्य वाटते. रोग 'प्रकृतीचा' आहे असे दोन शब्दांत लिहिणे सोपे असते. पण भरतीच्या तपासणीत ठणठणीत ठरलेला तरुण थंडी, उंच पहाड, तोफांचे आवाज आणि अपुरी झोप सोसून आजारी परततो, तेव्हा त्याच्या जन्मभराच्या पेन्शनवर परिणाम करणारे मत सकारणच असले पाहिजे.

आता काय करावे? प्रथम रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कागदांची प्रत मागवावी. माहिती अधिकार कायद्यानेही स्वतःचे कागद मागता येतात. लष्करी रुग्णालयाच्या चिठ्ठ्या आणि इजा झाल्याचा अहवाल तारखेनुसार लावावेत. नंतर अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सल्ला घ्यावा. अपील नाकारले गेल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. म्हणून आपली तारीख आधी पाहावी.

टक्केवारीही नजरेखालून घालावी. पेन्शन मंजूर झाल्यास पन्नासपेक्षा कमी अपंगत्व पन्नास टक्के धरण्याची तरतूद आहे. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही तिचा लाभ द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात मान्य केले.

उशीर मात्र करू नये. तरसेम सिंग प्रकरणात २००८ साली न्यायालयाने दावा उशिराचा म्हणून फेटाळला नाही, पण थकबाकी दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. वाट पाहिलेल्या वर्षांचे पैसे बुडतात ते असे.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जुन्या तारखेचा दाखला कोणत्याही डॉक्टरकडे मागू नये. तो गुन्हा आहे आणि त्याने खरा दावाही खोटा ठरतो. आमच्यासारखा खासगी डॉक्टर आज काय दिसते आणि आपण कधीपासून उपचार करतो, एवढेच लिहू शकतो. तेवढे मात्र त्याने नीट, तारखेसह आणि वाचता येईल अशा अक्षरात लिहावे. प्रत्येक आजार सेवेमुळेच होतो असेही नाही, म्हणून काही दावे फेटाळले जाणारच.

घरच्यांनाही एक विनंती. पेटीतले जुने लष्करी कागद रद्दीत घालू नका. त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून मूळ प्रती प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आपल्याकडच्या पावसात कागदाला बुरशी लागायला वेळ लागत नाही. आणि पेन्शनच्या निकालाची वाट पाहत रक्तदाबाची गोळी बंद करू नका.