बुलबुलाची लाली कुठे असते?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या हातातला मोबाईल थोडा वेळ तरी सुटावा म्हणून आम्ही घरात पक्षी काढायला शिकायचं ठरवलं. फजरची नमाज झाली की खिडकीपाशी चटई, त्यावर दोन्ही मुलं, आम्ही दोघं, रंगीत पेन्सिली आणि जलरंगांचा डबा.

पहिल्याच दिवशी दादींनी हटकलं, "जानदाराचं चित्र कशाला काढता?" या मसल्यावर उलमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्हाला माहीत होतं. हुज्जत न घालता त्यांचा मान राखून एवढंच ठरलं की चित्रं वहीतच राहतील, भिंतीवर लागणार नाहीत. दादी गप्प झाल्या, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

आम्ही बुलबुलापासून सुरुवात केली. चौघांनीही आठवणीतून काढला आणि चौघांनीही छाती लालभडक रंगवली. दादींनी वही बघितली आणि म्हणाल्या, "अगं पोरी, लाली छातीवर नसते, शेपटीच्या बुडाशी असते. रोज पेरूवर येऊन बसतो, कधी नीट बघितलं नाहीस?" आम्ही पेरूकडे बघितलं. दादींचं खरं होतं. त्याचं नावच मुळी लालबुड्या बुलबुल!

तेव्हापासून आमचा नियम झाला: आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं, मग पेन्सिल उचलायची. डोक्यासाठी लहान गोल, अंगासाठी अंड्याचा आकार, दोन्ही अगदी फिक्या रेघांनी. पाय काढताना लक्षात ठेवावं की मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा असतो. गुडघा पिसांत लपलेला असतो.

साध्या चित्रकलेच्या वहीचा कागद पाण्याने फुगतो, म्हणून जलरंगांसाठी ३०० जीएसएमचा जाड कागद घ्यावा. पहिला हात भरपूर पाणी घालून फिका द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर टोकदार रंगीत पेन्सिलीने पिसांच्या कडा काढाव्यात. ओल्या कागदावर पेन्सिल चालवली तर कागद फाटतो. बुलबुलाच्या डोक्यासाठी नुसता काळा रंग लावला तर तो ठोकळ्यासारखा दिसतो. गडद निळ्यात तपकिरी मिसळला की डोकं जिवंत वाटतं. डोळ्यातली चमक म्हणजे कागदाचा कोरा ठेवलेला ठिपका.

मुंबईचे डॉ. सलीम अली लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही वेगळी चिमणी कुठली, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचा अभ्यास हीच त्यांची वाट झाली. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. सुरुवात मात्र एका ठिपक्याकडे लक्ष जाण्यापासून झाली होती.

आमच्या मुलांचे पक्षी अजून वाकडेतिकडेच आहेत. पण परवा धाकटीने, गळ्याखाली काळा डाग असलेला तो चिमणा आणि नसलेली ती चिमणी, हे स्वतःहून ओळखलं. वही अजून भिंतीवर गेलेली नाही. मात्र सकाळी चटई अंथरली की दादी आपली खुर्ची खिडकीकडे ओढून घेतात आणि आमच्याआधी त्याच सांगतात, "तो बघा, आला पेरूवर."